कुणाच्या घरात कोण

आमच्या घरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगरलाच जायचं, हा अलिखित नियम. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावर वळिवडे नावाचं स्टेशन लागतं, त्याच्या बाजूला कापडाची ही भली मोठी बाजारपेठ. दुकानात पांढऱ्या गादीवर बसायचं, नोकराने साड्यांचा ढीग पाडायचा, आत्या-मावश्यांनी भावावरून हुज्जत घालायची, आणि कोपऱ्यात टेकून बसलेल्या आजीने न चुकता म्हणायचं, "ह्ये समदं पोलंडच्या बायकांचं गाव हुतं." दुकानाचे सिंधी शेटजी मान डोलवायचे. त्यांच्या वडिलांनी फाळणीनंतर ज्या बराकीत संसार मांडला, तिच्यात आधी कोण राहत होतं हे त्यांना ठाऊक होतं. आम्हा मुलांना मात्र आजी काहीतरी जुनंपुराणं सांगते आहे, एवढंच वाटे.

आजी उचगावची. १९४३ साली ती आठ-नऊ वर्षांची असेल. त्या वर्षी वळिवड्याच्या माळावर बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि आगगाडीतून गोऱ्या बायका आणि मुलं उतरू लागली. बाप्ये जवळजवळ नव्हतेच. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा तान्हे छत्रपती होते, कारभार रीजन्सीकडे होता आणि वर इंग्रजांचा रेसिडेंट. कॅम्पचा खर्च लंडनला आश्रय घेतलेलं पोलंडचं सरकार करत होतं. पाहता पाहता तिथे पाचेक हजारांची वस्ती झाली. शाळा, चर्च, दवाखाना, अनाथालय, नाटकांसाठी रंगमंच, सगळं उभं राहिलं. क्षयाने पोखरलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवलं जाई. १९४८ साली कॅम्प उठला. एका पोलिश मुलीने मराठी मुलाशी लग्न केलं आणि ती कोल्हापूरचीच होऊन राहिली. बाकीचे पांगले.

हे सगळं मी फार पुढे वाचलं. आजीच्या गोष्टीत यातलं काही नव्हतं. तिच्या गोष्टीत अंडी होती. तिची आई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन कॅम्पच्या फाटकाशी जाई आणि आजी अंड्यांची बुट्टी सांभाळत मागून. गोऱ्या बाया "किती?" विचारायला शिकल्या होत्या आणि भाव ऐकला की "लई! लई!" म्हणायला त्याहून आधी. "रंगानं गोऱ्यापान, पर हात बघितलंस तर आमच्यावानी. रापल्यालं, चिरा पडल्यालं," आजी सांगे. त्यांची पोरं पंचगंगेत डुंबायला जात आणि काठावरच्या म्हशींना घाबरत, याचं तिला म्हातारपणीही हसू येई.

त्यातली एक बाई आजीला रोज थांबवून घ्यायची. अंडी घेऊन झाली की पायरीवर बसवायची, केस विंचरायची, दोन घट्ट वेण्या घालायची, रिबिनीच्या जागी कापडाची चिंधी बांधायची आणि मग जाऊ द्यायची. घरी गेल्यावर आजीची आई त्या वेण्या सोडून पुन्हा तेल लावून एक वेणी घाली. हे वर्षभर तरी चाललं. "का गं आजी, तुझेच का?" असं मी विचारलं की आजी म्हणायची, "तिची पोरगी वाटंत गेली म्हनं. माझ्याएवढी. आता कुठल्या वाटंत, ते तवा कुणाला ठावं?"

ती वाट मला सापडली ती पोलंडच्या ग्दान्स्क शहरात, जमिनीखाली १४ मीटरवर.

माझी भाची नोकरीनिमित्त तिथे राहते. मी जाणार म्हटल्यावर तिने बाल्टिक समुद्र, पिवळाधमक अंबर आणि जुनं शहर असा बेत आखला होता. दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय मी हट्टाने घुसवलं. राडुनिया कालव्याच्या काठाने चालत गेलं की मोकळ्या फरसबंद चौकात एक लाल सुळका एकदम समोर येतो. ४० मीटर उंच आणि चक्क कललेला. दोन बाजूंना ग्दान्स्कच्या विटांची आठवण करून देणारा तांबूस लाल रंग, एका बाजूला वरपासून खालपर्यंत काच. सरळ भिंत शोधून सापडत नाही. जमीन फाटून आतलं काही वर येऊ पाहतंय की वरचं काही आत खचतंय, हे उभं राहून ठरवता येत नाही, आणि ते ठरू नये अशीच आखणी असावी.

ग्दिनियाच्या 'क्वाद्रात' नावाच्या वास्तुरचनाकार मंडळींचं हे काम. २०१० साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. परीक्षकांत डॅनिएल लिबेस्किंड होते, म्हणजे बर्लिनचं ज्यू संग्रहालय आणि मँचेस्टरजवळचं युद्ध संग्रहालय बांधणारा माणूस. निवडलेल्या आराखड्याची कल्पना साधी: भूतकाळ जमिनीखाली, वर्तमान चौकाच्या पातळीवर, भविष्य मनोऱ्यात. मनोऱ्यात वाचनालय आणि वर्ग आहेत, माथ्यावर उपाहारगृह. युद्ध सगळं खाली. समुद्राकाठचं शहर, त्यामुळे पाया खणताना खड्डा पाण्याने भरला आणि तळाचं काँक्रीट पाणबुड्यांनी पाण्याखाली ओतलं. रणगाड्यांसारख्या अवजड वस्तू तर बांधकाम चालू असतानाच क्रेनने आत उतरवल्या. सुमारे ४५ कोटी झ्लॉटी खर्चून मार्च २०१७ मध्ये हे संग्रहालय उघडलं.

जागाही निवडून घेतलेली. १ सप्टेंबर १९३९च्या पहाटे 'श्लेस्विग-होल्स्टाइन' या जर्मन युद्धनौकेने वेस्टरप्लाटे इथल्या पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या, ते ठाणं याच शहराच्या बंदराच्या तोंडाशी. त्याच दिवशी पोलिश टपाल कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनी दिवसभर झुंज दिली. पकडलेल्यांपैकी बहुतेकांना पुढच्याच महिन्यात गोळ्या घातल्या गेल्या. ती कचेरी संग्रहालयापासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. पत्रं वाटणारी माणसं ती. आमच्या गावचा पोस्टमन डोळ्यांसमोर आणून पाहिला, म्हणजे मग युद्ध म्हणजे काय ते थोडं कळायला लागलं.

खाली उतरताना उजेड मागे राहतो. तळाशी एक लांबच लांब काँक्रीटचा मार्ग, त्याच्या दोन्ही अंगांना दालनं. युद्धाकडे नेणारा रस्ता, युद्धाची भीषणता आणि युद्धाची लांबलेली सावली असे तीन भाग. लहान मुलांसाठी वेगळं दालन आहे, तिथे मी अपेक्षेपेक्षा जास्त रेंगाळले. वॉर्सातल्या एका कुटुंबाची एकच खोली तीनदा उभी केली आहे: सप्टेंबर १९३९, मार्च १९४३, मे १९४५. खोली तीच, तिच्यातलं सामान बदलत जातं. तोफ नाही, सेनापती नाही, नकाशावरचे बाण नाहीत. आजीला इथे आणलं असतं तर तिने टेबलावर काय आहे, चुलीवर काय आहे, हेच पाहिलं असतं आणि युद्ध कसं चाललंय ते अचूक सांगितलं असतं.

मोठ्यांच्या दालनांतही हाच कल आहे. युद्धापूर्वीचा एक रस्ता आहे, दुकानांच्या पाट्या आणि काचेमागचा माल यांच्यासकट. बऱ्याच अंतराने तसाच एक रस्ता पुन्हा येतो, या वेळी ढिगाऱ्यातला, आणि मधोमध सोव्हिएत टी-३४ रणगाडा उभा. अनेक वस्तू लोकांनी आपापल्या घरांतून आणून दिलेल्या.

आणि मग मालगाडीचा लाकडी डबा.

जर्मनांनी पश्चिमेकडून पोलंड घेतला हे आपण शाळेत शिकतो. १७ सप्टेंबर १९३९ला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या, हे आपल्या पुस्तकांत एका ओळीत उरकतं. हिटलर आणि स्टालिन यांनी हा देश आधीच वाटून घेतला होता. १० फेब्रुवारी १९४०च्या रात्री पूर्व पोलंडमध्ये घरोघरी दारं ठोठावली गेली. शेती मिळालेले जुने सैनिक आणि जंगलखात्यातली माणसं यांची नावं पहिल्या यादीत होती. थोड्या वेळात जमेल तेवढं बांधायचं, बायकापोरांसह निघायचं. कडाक्याची थंडी, असले डबे, मधे एक शेगडी, जमिनीला एक भोक. दोन-तीन आठवड्यांच्या प्रवासानंतर सायबेरिया, आर्खांगेल्स्कची जंगलं. एप्रिलच्या खेपेत कझाकस्तान. चार खेपांत लाखो माणसं अशी नेली. जून १९४१मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिश हातांची गरज पडली. जुलैअखेर करार झाला, कैद्यांना सुटका मिळाली, जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली फौज उभी राहू लागली. सुटलेले लोक मिळेल त्या गाडीने दक्षिणेला उझबेकिस्तानकडे निघाले. भूक आणि टायफसने सर्वांत जास्त माणसं मारली ती याच टप्प्यावर, आणि त्यात मुलं अधिक. १९४२मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक माणसं इराणला पोचली. सैनिक पुढे युद्धावर गेले. बायकामुलांसाठी जगभर जागा शोधल्या गेल्या: पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ मुलांसाठी छावणी उघडली. आणि इराण, कराची असं करत हजारो जण आले वळिवड्याला.

आजी म्हणायची ती 'वाट' ही. डब्याच्या फळ्यांमधल्या फटी बोट जाईल एवढ्या होत्या. आजीच्या वेण्या घालणाऱ्या बाईची मुलगी कुठल्या टप्प्यावर गेली असेल, ते आता कोण सांगणार? पण कुठल्याही टप्प्यावर जाऊ शकली असती, हे त्या डब्यापुढे उभं राहिल्यावर समजलं.

बाप्ये कुठे होते, या प्रश्नाचं उत्तर तर आमच्या घरातच होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आजीचा थोरला भाऊ, आमचे मामाआजोबा, मराठा पलटणीत होते. बेळगावला भरती, मग आगबोट, मग इटली. उन्हाळ्याच्या सुटीत अंगणात बाज टाकून ते आम्हाला इटलीतला चिखल सांगत. "गुडघ्याएवढा! खेचरं पुरती आत जायची." नद्यांच्या दोन्ही अंगांना उंच बांध, बांधात जर्मनांची बिळं, पाण्यात तारा आणि सुरुंग. गोळी लागलेल्या सोबत्यांविषयी ते बोलत नसत. खेचरांविषयी तासन्‌तास बोलत.

असाच बांध सेनियो नदीला होता. ९ एप्रिल १९४५ला आठव्या भारतीय डिव्हिजनने ती नदी ओलांडली. मराठा पलटणीतलेच, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी त्या दिवशी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, सुरुंगांतून सुरक्षित जागी नेलं. मग एकट्याने परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयघोष केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही डिव्हिजन ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यात होती. त्याच सैन्यात, त्याच हल्ल्यात, थोड्या अंतरावर आंदेर्स यांची पोलिश कोअर नदी ओलांडत होती. सायबेरियातून सुटलेली, माँटे कॅसिनोचा मठ मे १९४४मध्ये घेतलेली हीच माणसं. त्यांच्यापैकी कित्येकांच्या बायका, आया, बहिणी त्या घडीला वळिवड्याच्या बराकीत बातमीची वाट पाहत होत्या. म्हणजे मामाआजोबांच्या शेजारच्या मोर्चावर जे लढत होते, त्यांच्या घरच्यांना त्यांची बहीण अंडी विकत होती. भाऊ-बहीण पुढे चाळीस वर्षं सणावाराला भेटत राहिले. तो इटली सांगे, ती पोलंड. दोघांच्या गोष्टी एकच आहेत हे दोघांनाही माहीत नव्हतं.

संग्रहालयात एका काचेमागे थोड्या गंजलेल्या चाव्या आहेत. साध्या घरांच्या, लोखंडी. येदवाब्ने या गावात जुलै १९४१मध्ये जर्मनांच्या चिथावणीने पोलिश गावकऱ्यांनी आपल्याच ज्यू शेजाऱ्यांना एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळलं. पुढे उत्खननात या चाव्या सापडल्या. परत येऊ, असं समजून कुणी कुलूप लावलं होतं. ती घरं रिकामी राहिली नसणार, तिथे दुसरं कुणी राहायला गेलं असणार.

पोलिश संग्रहालयाने ही गोष्ट मांडणं सगळ्यांना रुचलेलं नाही. पावेल माखत्सेविच हे संस्थापक संचालक. त्यांनी आणि सोबतच्या इतिहासकारांनी हे सामान्य माणसांचं, सगळ्या देशांतल्या माणसांचं युद्ध म्हणून रचलं. तेव्हाच्या सरकारचं म्हणणं पडलं की पोलिश शौर्य यात झाकोळलं जातं. उद्घाटनानंतर काही आठवड्यांतच माखत्सेविच यांना जावं लागलं. कारोल नावरोत्स्की हे इतिहासकार त्यांच्या जागी आले, शेवटची चित्रफीत बदलली गेली, मांडणीत फेरफार झाले, प्रकरण कोर्टात गेलं. सत्ता बदलल्यावर २०२४मध्ये पुन्हा उलट फेरफार, त्यावर पुन्हा ओरड, आणि काढलेल्या काही गोष्टी परत जागेवर. नावरोत्स्की २०२५मध्ये पोलंडचे राष्ट्राध्यक्ष झाले. संग्रहालयातली एक भिंत कशी असावी यावरून देशाचं राजकारण ढवळून निघतं, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

माझं मत विचाराल तर मी आजीच्या बाजूची. शौर्याला स्मारकं मिळतात आणि ती मिळावीत. नामदेव जाधवांचं नाव पुसलं जाऊ नये, वेस्टरप्लाटेच्या शिपायांचंही नाही. पण ज्या देशाची सहा वर्षांत साठ लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यातली निम्मी ज्यू, त्याच्या दु:खाचं माप नुसत्या पराक्रमाच्या मापाने मोजता येत नाही. ते चावीने, डब्याने, परकरी पोरीच्या वेणीनेच मोजावं लागतं.

वर आल्यावर भाचीने मला जुन्या शहरात नेलं. निमुळत्या माथ्यांची घरं, नक्षीदार दारं. हे सगळं मार्च १९४५मध्ये जळून ढासळलेलं आणि नंतर जुन्यासारखं बांधलेलं. त्याआधी या शहराचं नाव डान्झिग होतं आणि इथली बहुसंख्य वस्ती जर्मन होती. युद्धानंतर पोलंडचा नकाशाच पश्चिमेला सरकवला गेला. जर्मनांना हुसकावून लावलं, आणि विल्नो, ल्वुव अशा सोव्हिएत हद्दीत गेलेल्या मुलखातले पोलिश या शहरात येऊन राहिले. वळिवड्याच्या बायकांनाही परत जायला गाव उरलं नाही ते यामुळेच. त्यांची घरं जिथे होती तो भाग आता त्यांच्या देशात नव्हता. मग कुणी इंग्लंड गाठलं, कुणी ऑस्ट्रेलिया, कुणी कॅनडा. त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकीत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली, जी आपली घरं कराची-हैदराबादेत दुसऱ्या कुणासाठी सोडून आली होती. युद्ध तहाने संपतं ते कागदावर. जमिनीवर ते कुणाच्या घरात कोण राहतंय, या रूपाने दोन-तीन पिढ्या चालू असतं.

पोलंडने वळिवडं विसरलं नाही. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे पुष्पचक्र वाहिलं तेव्हा आपल्याकडे अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकलं. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९मध्ये कॅम्पमध्ये बालपण गेलेली मंडळी म्हातारपणी वळिवड्यापर्यंत आली. त्यांनी आपल्या आठवणी लिहून, छापून ठेवल्या आहेत. ऋण मानणाऱ्यांनी आपलं काम केलं.

आपली बाजू मात्र कोरी आहे. त्यांना भाजी विकणारे, दूध घालणारे, बराकी बांधणारे, रेल्वेतून सामान उतरवणारे, त्यांच्या शाळेच्या मैदानावर चेंडू खेळलेले, आणि नंतर त्याच बराकीत आलेले सिंधी, यांच्या आठवणी कुणी गोळा केल्या? तेव्हा जे आठ वर्षांचे होते ते आज नव्वदीत आहेत. उचगाव, वळिवडे, चिंचवाड, रुकडी, गांधीनगर इथल्या वाचकांना एवढंच सांगणं: घरात असं कुणी असेल तर या रविवारी त्यांच्यापुढे मोबाइल ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. त्यांना युद्धाविषयी विचारू नका, ते म्हणतील आम्हाला काय ठाऊक. अंड्यांचा भाव विचारा. ग्दान्स्कच्या संग्रहालयाला घरोघरच्या ट्रंका उघडून मिळालं ते असंच मिळालं. आपल्याकडे ट्रंकाही फारशा नाहीत, माणसंच आहेत, आणि तीही थोडीच.